खेळायला मिळालं पाहिजे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझी वाटचाल’. आपल्या वयात वाटचालीवर बोलायला उभं राहिलं की एकतर बढाई होते, नाहीतर रडगाणं. म्हणून मी त्यांची परवानगी काढून विषय बदलून घेतला. मी एका फुटबॉलपटूबद्दल बोलणार आहे. कोल्हापूरच्या शाळेच्या मेळाव्यात फुटबॉलचं नाव काढलं तर कुणी चहाला उठून जात नाही, एवढी खात्री आहे. शिवाय पाटाकडील आणि दिलबहारवाले आज शेजारी शेजारी शांत बसलेत. असा योग शाहू स्टेडियमवर येत नाही, तर मी तो वाया कशाला घालवू?

खेळाडूचं नाव दिएगो फोर्लान. देश उरुग्वे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षाही कमी लोकसंख्येचा देश, आणि दोन विश्वचषक जिंकलेला. २०१० चा वर्ल्ड कप आठवा. आपल्याकडे गल्लीच्या एका तोंडाला अर्जेंटिनाचा झेंडा, दुसऱ्या तोंडाला ब्राझीलचा. उरुग्वेचा झेंडा कुणी लावल्याचं मला तरी आठवत नाही. ब्राझील आणि अर्जेंटिना दोघंही उपांत्यपूर्व फेरीतच घरी गेले, उरुग्वे चौथा आला, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ‘गोल्डन बॉल’ मिळाला तो फोर्लानला. घानाविरुद्धचा सामना तर सगळ्यांच्याच लक्षात आहे, सुआरेझनं गोलरेषेवर हातानं चेंडू अडवला तो. पण त्याआधी उरुग्वेला बरोबरीत आणणारी फ्री किक फोर्लानची होती. त्या स्पर्धेत अडिदासचा ‘जाबुलानी’ नावाचा चेंडू हवेत कसाही वळतो म्हणून भले भले गोलकीपर रडत होते. त्याच चेंडूनं या माणसानं लांबून, दोन्ही पायांनी मारून पाच गोल केले.

मला मात्र त्याच्या २०१० पेक्षा २००४ बद्दल बोलायचं आहे. त्या वर्षी हा खेळाडू जगातला सगळ्यात मोठ्या नावाचा क्लब सोडून एका लहान गावातल्या क्लबमध्ये गेला. का गेला? तर खेळायला मिळावं म्हणून.

आधी थोडी पार्श्वभूमी. फोर्लानच्या घरात फुटबॉल दोन पिढ्यांचा. वडील पाब्लो फोर्लान १९६६ आणि १९७४ च्या विश्वचषकात उरुग्वेकडून खेळलेले, आईचे वडील हुआन कार्लोस कोराझो देशाच्या संघाचे प्रशिक्षक. तरी लहानपणी दिएगो टेनिसही उत्तम खेळायचा. तो बारा वर्षांचा असताना, १९९१ साली, त्याच्या बहिणीला मोटार अपघात झाला आणि तिला कायमची व्हीलचेअर आली. उपचारांचा खर्च प्रचंड. फुटबॉलमध्ये नाव काढायचं आणि बहिणीला उत्तम उपचार द्यायचे, हे त्या काळात ठरवलं, असं त्यानं पुढं सांगितलं आहे. म्हणजे कौतुक म्हणून खेळणारा हा मुलगा नव्हता. त्याला उभं राहायचंच होतं.

अर्जेंटिनातल्या इंडिपेंडिएंटे क्लबकडून खेळत असताना, जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो इंग्लंडला निघाला. बोलणी झाली होती मिडल्सब्रो या क्लबशी. ऐनवेळी मँचेस्टर युनायटेडनं मध्ये उडी घेतली आणि पोरगं थेट सर ॲलेक्स फर्ग्युसनच्या संघात दाखल झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर मुलाखत द्यायला निघाला एका कंपनीत, आणि वाटेत फोन आला त्याहून दसपट मोठ्या कंपनीचा. कोण नाही म्हणेल?

आता इंग्लंडची लीग त्या काळात कशी होती ते लक्षात घ्या. पावसानं भिजलेलं जड मैदान. थंडी. चेंडू इकडून तिकडे सतत पळता. सहा फुटी बचावपटू पाठीला चिकटलेले. धक्का दिला, कोपर लागलं, तरी पंच शिट्टी वाजवेलच असं नाही, प्रेक्षक उलट टाळ्या वाजवणार. फोर्लान हा जागा शोधणारा, चेंडू पायात आला की दोन्हीपैकी कुठल्याही पायानं क्षणात मारणारा खेळाडू. ताकदीनं रेटून नेणारा नव्हे. त्याला पहिला गोल करायला आठ महिने लागले. सत्तावीस सामने. आणि तो गोल तरी कसला, तर मक्काबी हैफाविरुद्ध सप्टेंबर २००२ मध्ये मारलेली पेनल्टी. तोवर इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याच्या नावावर कोट्या करून झाल्या होत्या.

पुढं बर्फ फुटला. साउदॅम्प्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत विजयी गोल मारला आणि आनंदाच्या भरात शर्ट काढला. तो परत अंगात शिरेना, तेवढ्यात खेळ सुरू झाला, आणि हा पठ्ठ्या शर्ट हातात धरून उघड्या अंगानं चेंडूमागे पळाला. डिसेंबर २००२ मध्ये लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर त्यानं दोन गोल मारले आणि युनायटेड जिंकलं. मँचेस्टरच्या चाहत्यांनी त्यावर गाणं रचलं. आपल्याकडच्या पेठेतल्या पोरांना सांगायला नको, कट्टर विरोधकांच्या मैदानावर मारलेले दोन गोल माणसाला जन्मभर पुरतात. त्या मोसमात युनायटेडनं लीग जिंकली आणि फोर्लानला विजेत्याचं पदकही मिळालं.

पण हिशेब बघा. अडीच वर्षांत युनायटेडकडून ९८ सामने, १७ गोल. ऐकायला ९८ सामने खूप वाटतात. त्यातले निम्म्याहून जास्त त्यानं बदली खेळाडू म्हणून खेळले. म्हणजे सत्तराव्या, ऐंशीव्या मिनिटाला हाक यायची. मी धंद्यानं आकड्यांची माणूस आहे, म्हणून सांगते, सामन्यांवर गोल मोजणं हा फसवा हिशेब आहे. दहा मिनिटांचा सामनाही एक आणि नव्वद मिनिटांचा सामनाही एकच. वर त्या दहा मिनिटांची जात वेगळी असते. बाकीचे तापलेले, तुम्ही थंड. संघ मागे पडलेला असेल तरच तुम्हाला आठवतात, त्यामुळे पहिल्या स्पर्शातच चमत्कार करायचा. चुकलात तर पुढच्या वेळी दहाची पाच मिनिटं. कौशल्याच्या खेळाडूला हे सगळ्यात जड जातं. ताकदीचा खेळाडू पाच मिनिटांतही धडक मारून दाखवतो. कौशल्य चूक करत करत, अंदाज घेत घेत उमलतं. समोरचा बचावपटू कुठल्या पायावर भार देतो, आपला साथीदार पास पायात देतो की पुढं टाकतो, हे कळायला वेळ लागतो. तो वेळच मिळाला नाही, तर कौशल्य आहे की नाही हे कळणार कुणाला, आणि कसं?

याचा अर्थ फर्ग्युसन वाईट होता असा नाही. आघाडीला त्याच्याकडे रूड व्हॅन निस्टलरॉय होता. त्या एका मोसमात, २००२-०३ मध्ये, सर्व स्पर्धांत मिळून ४४ गोल मारणारा. सोल्शायर होता. जानेवारी २००४ मध्ये त्यानं लुई साहाला आणलं. त्या उन्हाळ्यात वेन रूनीच्या बातम्या सुरू झाल्या होत्या आणि ऑगस्टअखेरीस तो आलाच. तिथं बसून मी असते तर मीही ४४ गोलवाल्यालाच आधी उतरवलं असतं. वरच्याचा निर्णय बरोबर असू शकतो, आणि तरीही तुमचं आयुष्य त्यात वाया जात असू शकतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

बुटांचा एक किस्सा आहे, तो फोर्लाननंच पुढं सांगितला आहे. ओल्या मैदानावर पाय रोवायला लांब स्टडचे बूट घाल, असं फर्ग्युसनचं म्हणणं. फोर्लानला लहान स्टडची सवय, चेंडू पायाला नीट कळतो म्हणून. चेल्सीविरुद्धच्या सामन्यात तो लहान स्टडचेच बूट घालून उतरला आणि गोलसमोर मोक्याच्या क्षणी घसरला. सामना संपल्यावर धावत जाऊन बूट बदलायला लागला, तर फर्ग्युसननं ते हिसकावून फेकून दिले. त्यानंतर तो युनायटेडकडून कधीच खेळला नाही. यात चूक कुणाची हा वाद आपण जेवताना घालू. मला त्यात दिसतं ते एवढंच, की एकाला मैदान जिंकायचं होतं आणि दुसऱ्याला चेंडू. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण त्यांची जागा एक नव्हती.

ऑगस्ट २००४ मध्ये तो स्पेनमध्ये व्हिलारेयालला गेला. गाव केवढं? साधारण आपल्या जयसिंगपूरएवढं, पन्नास हजार वस्तीचं. आजूबाजूला फरशा आणि टाइल्सचे कारखाने. मँचेस्टरहून तिथं जाणं म्हणजे लोकांच्या नजरेत उतारच. पण तिथं काय होतं बघा. मान्युएल पेलेग्रिनी हा नवा आलेला प्रशिक्षक, ज्याला चेंडू जमिनीवर खेळवायचा होता. मागे उभा हुआन रोमान रिकेल्मे, बार्सिलोनात न रमलेला अर्जेंटिनाचा जादूगार; त्याचा पास अचूक तिथं यायचा जिथं फोर्लान पोचणार असायचा. आणि फोर्लानला रोज सकाळी हे माहीत होतं की रविवारी आपण पहिल्या मिनिटापासून मैदानात आहोत.

पहिल्याच मोसमात लीगमध्ये २५ गोल. बार्सिलोनाच्या मैदानावर हॅट्ट्रिक. सॅम्युएल एतोला मागे टाकून स्पेनचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, आणि युरोपातल्या सर्वाधिक गोलचा ‘गोल्डन शू’ आर्सेनलच्या थिएरी हेन्रीबरोबर विभागून. अडीच वर्षांत लीगमध्ये दहा गोल मारणाऱ्यानं एका वर्षात पंचवीस मारले. माणूस तोच, पाय तेच. व्हिलारेयाल लीगमध्ये तिसरं आलं आणि चॅम्पियन्स लीगच्या उंबऱ्याशी पोचलं.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण इथवर ऐकून कुणीही म्हणेल, बरोबरच आहे, इंग्लंडची लीग दांडगी, स्पेनची नाजूक. ज्याला धक्के सोसत नाहीत तो मऊ जागी गेला. पुढं काय झालं ते ऐका. २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेसाठी व्हिलारेयालची गाठ पडली इंग्लंडच्याच एव्हर्टनशी. व्हिलारेयालनं दोन्ही सामने जिंकले, दुसऱ्यात शेवटच्या मिनिटाला फोर्लानचा गोल. मग गटात कोण आलं? मँचेस्टर युनायटेड. दोन्ही सामने गोलशून्य बरोबरीत सुटले, पण गटात व्हिलारेयाल पहिलं आलं आणि युनायटेड शेवटचं, स्पर्धेबाहेर. जयसिंगपूरएवढ्या गावाचा तो क्लब उपांत्य फेरीपर्यंत गेला. पाच वर्षांनी, ॲटलेटिको माद्रिदकडून खेळताना, युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूलविरुद्ध दोन्ही सामन्यांत फोर्लानचा गोल, त्यातला एक पुन्हा ॲनफिल्डवर. अंतिम सामन्यात इंग्लंडचंच फुलहॅम, निकाल २-१, दोन्ही गोल फोर्लानचे. तेच दांडगे इंग्रज बचावपटू, तेच धक्के. मग आता कसे सोसले?

माझं उत्तर असं, की लीगची ताकद ही अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी म्हणजे मिनिटं. दांडग्या लीगमध्ये नाजूक खेळाडू टिकत नाही हे खरं असतं, तर ज्या हेन्रीबरोबर त्यानं बक्षीस वाटून घेतलं तो इंग्लंडमध्ये राज्य करू शकला नसता. हेन्रीचा प्रवास तर उलटा. इटलीत युव्हेंटसमध्ये त्याला कडेला खेळवलं, जमेना. १९९९ मध्ये तो इंग्लंडला आला, आर्सेन वेंगरनं त्याला आघाडीला मध्यभागी ठेवलं आणि गोल लगेच येत नव्हते तेव्हाही काढलं नाही. डेव्हिड सिल्व्हा बघा. लहान चणीचा, स्पेनहून २०१० मध्ये मँचेस्टर सिटीत आला आणि त्याच धक्काबुक्कीच्या लीगमध्ये दहा वर्षं नाचला. कारण संघच त्याच्याभोवती बांधला होता. आणि दुसऱ्या बाजूला इयागो आस्पास. लिव्हरपूलमध्ये एक मोसम, लीगमध्ये एकही गोल नाही, शेवटी लोकांच्या लक्षात राहिला तो एका फसलेल्या कॉर्नरसाठी. तो स्पेनला परतला, पुढं आपल्या गावच्या सेल्टा व्हिगो क्लबमध्ये गेला आणि वर्षानुवर्षं लीगमधल्या अव्वल गोल करणाऱ्यांत राहिला. म्हणजे देश, लीग, क्लबचं नाव यापेक्षा प्रश्न साधा असतो. मला इथं खेळायला मिळतं का, आणि माझा जो खेळ आहे तो इथं कुणाला हवा आहे का?

फोर्लानला मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, बरं का. २०१६ मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून खेळायला आला होता. १९ नोव्हेंबर, केरळा ब्लास्टर्सविरुद्धचा सामना. नोटाबंदीला अकरा दिवस झालेले, खिशात दोन हजाराची एक नोट आणि ती मोडायला कुणी तयार नाही, अशा अवस्थेत आम्ही तिघी मैत्रिणी पुण्याहून अंधेरीच्या मैदानावर पोचलो. वय सदतीस. पळत फारसा नव्हता. पण बचावपटू जिथं नसेल तिथं तो आधीच जाऊन उभा असायचा. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल, उत्तरार्धात तिसरा. मुंबईनं सामना ५-० जिंकला, आणि त्या वर्षी साखळीत मुंबई पहिली आली. माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली, “ह्याला कुणी राखीव कसं काय बसवलं असेल गं?” मी म्हटलं, सत्तर मिनिटं बसवलं की कुणीही राखीवच दिसतं.

आता मूळ विषयाचं थोडं देणं फेडते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘बेंच’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. ज्याला प्रोजेक्ट नाही तो बेंचवर. पगार चालू, ओळखपत्र गळ्यात, कॅन्टीनचं जेवण उत्तम, काम नाही. त्याहून वाईट बेंच दुसरा असतो, तो कागदावर दिसत नाही. प्रोजेक्टवर नाव असतं, पण तुम्ही ‘बॅकअप’. मोठ्या कंपनीत मी तशी काही वर्षं होते. मुख्य माणूस सुटीवर गेला की आठवण यायची. मी लिहिलेलं थोडंसं कुणीतरी तपासायचं, कुणीतरी बदलायचं, आणि ते शेवटी कुणी वापरलं का हे मला कधी कळलं नाही. कंपनीनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. त्यांच्याकडे त्यांचे व्हॅन निस्टलरॉय होते.

२०१७ मध्ये मी ती सोडली आणि कोल्हापुरात परत आले. इथल्या एका चाळीस माणसांच्या कंपनीत लागले. काम दूध संकलन केंद्रांच्या सॉफ्टवेअरचं. वजनकाटा, फॅटचं मशीन, दहा दिवसांचं बिल. पगार एक तृतीयांशानं कमी. गृहकर्ज तेवढंच. गल्लीतल्या एक मावशी दारात थांबून म्हणाल्या, “माणसं पुण्याला जात्यात आणि तू पुण्यास्नं माघारी आलीस व्हय? काय झालं गं पोरी?” त्यांना वाटलं, घरात काहीतरी बिनसलं. कंपनीचं नाव सांगितल्यावर ‘कुठली?’ असं परत विचारतात, त्याची सवय व्हायला वेळ लागला. एका वर्षी दोन महिने पगार उशिरा झाले, तेव्हा रात्री झोप लागत नव्हती. हे मी मुद्दाम सांगते आहे. लहान क्लबात गेलं की आपोआप पंचवीस गोल होतात असं नाही. माझा गोल्डन शू कुठल्या कपाटात नाही.

पण पहिल्याच महिन्यात मी लिहिलेला हिशेब शिरोळ तालुक्यातल्या एका गावात सकाळी सहा वाजता चालला, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी मला फोन आला. एका बाईंच्या म्हशीच्या दुधाचा फॅट कमी लागतोय, बिल कमी निघणार, बघा म्हणून. मी बघितलं, दुरुस्त केलं, साडेसात वाजता त्यांची पावती नीट निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मी केलेल्या कामाचं पुढं काय झालं. याला मी पहिल्या मिनिटापासून मैदानात असणं म्हणते. आज मी जी काही इंजिनिअर आहे, ती त्या सकाळी सहाच्या फोनांनी झाले आहे.

म्हणून, मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात आता दहावी-बारावीची मुलं आहेत, त्यांच्यासाठी एक सांगणं. आपण त्यांना मोठ्या नावाकडे ढकलतो. मोठा क्लास, मोठं कॉलेज, मोठी कंपनी. नाव मोठं असावं, हरकत नाही. पण पोराला विचारा, तुला तिथं खेळायला मिळतं का रे? क्लासमध्ये पाचशेतला चारशे ऐंशीवा म्हणून दोन वर्षं मागच्या बाकावर बसण्यापेक्षा, जिथं मास्तर त्याला फळ्यावर बोलावतात ती जागा बरी असू शकते. आणि पोरगं सोडून यायचं म्हणालं, तर ‘पळून आला’ हा शब्द तोंडातून काढू नका. फोर्लान पळाला नाही. अडीच वर्षं थांबला, झगडला, पदक घेतलं, आणि मग हिशेब करून निघाला. पळणारा माणूस कशापासून तरी लांब जातो. हा कशाच्या तरी जवळ गेला.

आणि आणखी एक, जरा अवघड गोष्ट. आपण आता पंचेचाळिशीच्या आसपास आलो. आपल्यापैकी कुणी शाखाधिकारी आहे, कुणी मुख्याध्यापक, कुणाचा कारखाना आहे, कुणाच्या हाताखाली दहा इंजिनिअर. बेंचवर बसायचे दिवस आपले बहुतेक संपले. आता बेंचवर बसवणारे आपण आहोत. आपल्याकडे कुणीतरी एक गप्प, कुशल पोरगं किंवा पोरगी असेल, जिला आपण ‘अजून तयार नाही’ म्हणून बाजूला ठेवलं असेल. ती तयार नाही, कारण तिला खेळवलं नाही; आणि खेळवत नाही, कारण ती तयार नाही. ही गाठ वरच्यालाच सोडवावी लागते, खालच्याच्या हातात ते नसतं. आपल्या जागी आणखी चांगला खेळाडू असेल तर तसं स्पष्ट सांगून तिला जाऊ द्यावं. धरून ठेवू नये. व्हिलारेयालचा रस्ता अडवण्यात मोठेपणा नाही.

आपले खेळाचे सर समोर बसलेत. आंतरवर्ग सामन्यांत त्यांचा एक नियम होता, यादीत नाव आहे तो प्रत्येक जण निदान अर्धा सामना खेळणार. आपली तुकडी त्या नियमामुळे एकदा हरली तेव्हा मुलं सरांवर किती चिडली होती! सर, तुम्ही तेव्हा काही समजावत बसला नाहीत. नुसती शिट्टी वाजवून दुसरा सामना लावलात. नंतर इतक्या प्रशिक्षणांना बसले, व्यवस्थापनावर इतकी भाषणं ऐकली, पण त्या नियमापेक्षा शहाणं मला अजून काही भेटलेलं नाही. एकच तक्रार होती, तो नियम फक्त मुलांच्या यादीला होता. आम्हाला लेझीम.

फोर्लानचं शेवटचं सांगते. तो आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनीच मोठा. फुटबॉलमधून निवृत्त झाल्यावर त्यानं लहानपणचं टेनिस परत हातात घेतलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, माँटेव्हिडिओला व्यावसायिक टेनिस स्पर्धेत दुहेरीचा सामना खेळला. सरळ सेटमध्ये हरला. पण खेळला.

जेवणानंतर मैदानावर आपल्या बॅचचा प्रदर्शनीय सामना आहे. यादी मी बघितली. पहिल्या अकरात एकही बाई नाही, राखीवमध्ये चौघी आहोत. पंचेचाळिशीतले हे अकरा वीर अर्धा तास तरी पळतील का, हे त्यांच्या पोटाकडे बघून तुम्हीच ठरवा. सर, शिट्टी आणली असेल तर तुमचा जुना नियम आज लावा, एवढीच विनंती.